सगळ्यांत बारकं पुढं

लोहगडवाडीतून गडाच्या पायऱ्या सुरू होतात, तिथे अक्का मुलांची रांग लावायच्या. सगळ्यांत लहान मूल पुढे, मोठी मागे, आणि शेवटी काकड्यांची पिशवी घेऊन स्वतः अक्का. पुढचं बसलं की सगळ्यांनी बसायचं, पुढचं माघारी वळलं की सगळ्यांनी वळायचं. "बारक्याच्या पायानं गड चढायचा," त्या म्हणायच्या. "मोठ्याच्या पायानं चढलं की बारकं रडतंय, आन् मग समदीच रडत्यात."

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर लोहगडवाडी, सासर वलवण. सुट्टीत घरातली सगळी मुलं वलवणला जमायची आणि त्यांना फिरवायचं काम न सांगता अक्कांकडे जायचं. लग्नानंतर एकदा मी ते माझ्याकडे घेतलं. एकाच दिवसात कार्ल्याची लेणी, भाज्याची लेणी आणि धरण, असा बेत आखला. दुपारपर्यंत दोघं गाडीत ओकली आणि बाकीची खाली उतरायलाच तयार होईनात. घरी आल्यावर अक्का माझ्याबरोबर गाडी धुवायला लागल्या आणि म्हणाल्या, "सुनंदा, पोरांला दावायचं थोडं, आन् ठिवायचं लय."

त्यांनी ठेवलेली मोठी गोष्ट म्हणजे विंचूकाटा. गडाच्या टोकाला दरीत शिरलेली लांब, अरुंद सोंड. अक्का लांबूनच बोट दाखवायच्या, ही विंचवाची नांगी आहे, पावसाळ्यात धुक्यात हलते, असं गंभीरपणे सांगायच्या. मुलं तिकडे धावायला लागली की बारकं दमलंय, असं त्याच्या वतीने जाहीर करून रांग वळवायच्या. बारकं टुणटुणीत असायचं. "ऱ्हायलं ते फुडल्या खेपंला." मग मुलं वर्षभर नांगीच्याच गप्पा मारायची.

नातीला, जुईला, मात्र त्यांनी शब्द दिला होता: दुसरीत गेलीस की नांगीच्या टोकापर्यंत मी स्वतः नेईन.

जुई दुसरीत गेली तोवर अक्कांचं हृदय थकलं होतं. पायांना सूज, चार वाक्यं बोलल्या तरी धाप. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढायला मनाई केली होती. मी स्पष्ट सांगितलं, मुलीला मी नेते, तुम्ही वाडीत भावाकडे बसा. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सबूद म्या दिलाय, तू न्हाई." त्यावर घरात कुणाचं काही चाललं नाही. पाऊस ओसरल्यावर आम्ही गेलो.

पायथ्याशी अक्का सवयीने मागे जाऊन उभ्या राहिल्या. जुईने त्यांचा हात धरून त्यांना पुढे आणलं.

"आजी, आज तू बारकी. तू पुढं चाल."

अक्कांनी वाद घातला नाही. निघाल्या. त्या थांबल्या की आम्ही थांबत होतो. मागून आलेली माणसं आम्हाला ओलांडून वर जात होती, आमच्यातलं कुणी अक्कांच्या पुढे गेलं नाही. पहिल्या दरवाजाशी त्या टेकल्या. बराच वेळ बसल्या. जुई नांगीबद्दल एक शब्द बोलली नाही, काकडी खात बसली. अक्कांनी वर जाणाऱ्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि खाली वळल्या. रांग वळली.

"ऱ्हायलं ते फुडल्या खेपंला," त्या म्हणाल्या.

जुई हो म्हणाली.

भात खळ्यावर आला होता, त्या दिवसांत अक्का गेल्या. दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुईला आणि तिच्या भावंडांना गडावर घेऊन गेले. जुई सगळ्यांत लहान, म्हणून पुढे. ती कुठेही बसली नाही. चारही दरवाजे, मग पठार, मग सोंडेवरून सरळ टोकापर्यंत. तिथे खडक होता, वारा होता, खाली पवनेचं पाणी. नांगी हलत नव्हती. मी काकड्या चिरून वाटल्या. जुईने तिची फोड हातातच धरली आणि चारी बाजूंना नीट पाहून घेतलं.

"छोटी आजी," तिने विचारलं, "आता पुढच्या खेपेला काय?"

मी पिशवी आवरली आणि तिला म्हटलं, चल, पुढे हो. उतरायचंय.