ओटीत गेलेला व्हँडल राजा

सोलापुरात नाणी जमवणाऱ्यांची वाण नाही. शिवराई जमवणारे आहेत, बहमनी आणि आदिलशाही जमवणारे आहेत, आणि ट्रॅक्टरचे चित्र असलेली पाच रुपयांची नोट एक दिवस लाखाला जाईल या आशेवर जगणारे तर गल्लोगल्ली आहेत. व्हँडलांची नाणी जमवणारा मी एकटा. स्पर्धा नाही, मत्सर नाही, सभा नाही, सत्कार नाही. केवळ एवढ्यासाठीही हा छंद शिफारस करण्याजोगा आहे.

व्हँडल ही जुन्या जर्मन टोळ्यांपैकी एक. रोमन साम्राज्य मोडकळीस आले तेव्हा हे लोक युरोप ओलांडून समुद्रापलीकडे आफ्रिकेत उतरले, कार्थेज नावाचे शहर त्यांनी घेतले आणि जेमतेम शंभर वर्षे तिथून राज्य केले. पुढे युरोपातल्या भाषांनी त्यांचे नाव नासधूस करणाऱ्याला लावून टाकले. बसथांब्याची काच फोडणाऱ्या टवाळालाही तिकडे व्हँडल म्हणतात. इतिहास हरलेल्यांनी लिहिला नाही, एवढाच याचा अर्थ. त्यांची चांदीची नाणी मात्र पाहावीत. शर्टाच्या बटणाएवढी, पातळ, आणि त्यावर इतके बारीक काम की ज्याला मोडतोडीची आवड आहे त्याच्या हातून ते होणे नाही.

माझी नोकरी चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या कारखान्यात झाली. काम तपासनिसाचे. भिंग लावून सूत मोजायचे, दोष शोधायचा, माल बाजूला काढायचा. या कामाने माणूस लोकप्रिय होत नाही. निरोपाच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला शाल दिली. तिच्या काठाला एक धागा सुटलेला होता. मी तो तिथेच दाखवून दिला. टाळ्या त्यानंतर थोड्या कमी वाजल्या.

भिंग घरी आले, पण तपासायला काही उरले नाही. ती सोय भाच्याने केली. परदेशात राहणारे भाचे मामासाठी चॉकलेट आणतात. माझा भाचा जर्मनीत असतो आणि मला गोड चालत नाही, म्हणून तो नाणी आणतो. घरी येणारे लोक ती पाहतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात: “याचे किती येतील?” सकाळी फिरायला बरोबर असणाऱ्या एका गृहस्थांनी एकदा भिंगातून बराच वेळ पाहून अभिप्राय दिला, “गंजलंय.” त्यांना मी पुन्हा चहा विचारला नाही.

संग्रहात खऱ्या अर्थाने मोलाचे एकच नाणे होते. कार्थेजच्या गादीवर म्हातारपणी बसलेल्या एका राजाचे. त्याचे नाव लिहिले तरी कोणाला नीट उच्चारता येणार नाही, म्हणून लिहीत नाही. त्याला लढाईचा कंटाळा होता. असे राजे टिकत नाहीत. नात्यातल्याच एकाने त्याला कैदेत टाकले आणि पुढे ठार केले. नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दोन्ही हातांत धान्याची कणसे धरून उभी असलेली स्त्री. असे दुसरे नाणे पुन्हा हाती लागायचे नाही, असे भाच्याने बजावले होते.

नोव्हेंबरात मी बँकेत गेलो. मी जिवंत आहे असे दरवर्षी तिथे जाऊन सिद्ध करावे लागते. त्या दिवशी यंत्र माझा अंगठा ओळखेना, त्यामुळे माझ्या हयातीविषयी दुपारपर्यंत शंका राहिली. निघताना ते नाणे मी टेबलावर, वाटीत, भिंगाशेजारी ठेवले होते. परत आलो तेव्हा भिंग होते, वाटी होती.

“वाटीत नाणं होतं,” मी पत्नीला म्हणालो.

“ते होय? ओटीत घातलं.”

“कोणाच्या?”

“शेजारच्या लेकीच्या. आज ओटी भरली ना तिची? गहू घेतले, खण घेतला, नारळ घेतला, अन् घरात एक नाणं मिळेना. दुकानदार देत नाही, भाजीवाली देत नाही, सगळ्यांचं फोनवर. तेवढ्यात तुमच्या टेबलावर बाई दिसली.”

“कोण बाई?”

“नाण्यावरची हो. दोन्ही हातांत कणसं घेतलेली. म्हटलं लक्ष्मीच की ही. त्यातून चांदीची. गव्हाच्या ओटीत याहून चांगलं काय घालायचं?”

ती लक्ष्मी नसून कार्थेज शहर आहे, शहराला स्त्रीच्या रूपात दाखवण्याची तिकडे रीत होती, हे मी तिला सांगितले.

“शहर का असेना, हातात धान्य आहे ना?”

नाणकशास्त्रात याला उत्तर नाही. नाण्यांनी भरलेल्या पेट्या कपाटात असलेल्या घरात ओटीसाठी नाणे नसावे, हा मुद्दाही तिने ओघाओघात मांडला.

शेजारचे कुटुंब यंत्रमागावर काम करणारे. घरात तेलुगू, दारात मराठी. त्यांची मुलगी भिवंडीला दिली आहे आणि बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचे पहिले मूल वाचले नव्हते. त्यामुळे या खेपेस सगळी गल्ली तिच्यापुढे दबकत वागत होती.

“परत माग,” मी म्हणालो.

“ओटीतलं कोणी परत मागतं का? अन् हिच्या ओटीतलं? उद्या काही कमीजास्त झालं तर?”

“नाण्याचा आणि बाळंतपणाचा संबंध काय?”

“काही नाही. मग राहू दे ना तिथं.”

या घरात वाद घालण्याची पद्धत अशी आहे. दोन दिवसांनी मी सराफाकडे गेलो, लक्ष्मीचा छाप असलेले चांदीचे मोठे नाणे घेतले, आणि एक वाक्य तयार केले: आधीचे लहान आहे, हे मोठे आहे, तेव्हा लहान मला द्या आणि मोठे ठेवा. वाक्यात दोष नव्हता. ते घेऊन शेजारी गेलो. शेजारीणबाईंनी माझ्या हातातले नाणे पाहिले आणि माझे वाक्य सुरू होण्याआधीच त्यांचे सुरू झाले.

“अगंबाई, काका! तुमी बी आणलं? काकूंनी दिलंय की परवा. तुमी असलं मानता, माहीतच न्हवतं!”

त्यांनी आत वळून तेलुगूत हाक मारली. मुलगी आली. त्या अवस्थेत ती वाकू लागली, तेव्हा तिला थांबवणे भाग होते. थांबवण्यासाठी हात पुढे केला, त्यात नाणे होते, ते तिने ओंजळीत घेतले. डोळ्यांना लावले. तयार केलेले वाक्य माझ्यापाशीच राहिले.

“मिळालं?” घरी पत्नीने विचारले.

“नाही.”

“अन् नेलेलं?”

“तेही तिथेच राहिलं.”

ती गॅसकडे वळली. तिचे खांदे बराच वेळ हलत होते. खोकला असावा.

पुढे मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. पत्नीने बातमी देताना माझ्याकडे अशा रीतीने पाहिले, जणू या कार्यात एका व्हँडल राजाचा हात होता आणि मी त्याला उगाच अडवत होतो. मोठे नाणे त्यांनी देवघरात ठेवले. लहान नाणे कुठे आहे ते मला बारशाच्या दिवशी दिसले. तान्ह्या मुलीच्या कमरेला काळा करदोडा, आणि करदोड्यात राजा. सराफाने त्याच्या डोक्यावर भोक पाडून कडी बसवली होती. दृष्ट लागू नये म्हणून, असे मला सांगण्यात आले. मी पेढा घेतला नाही. गोड मला चालत नाही, हे कारण नेहमीप्रमाणे उपयोगी पडले.

भाच्याला फोनवर कळवले. तो म्हणाला, “मामा, संपलं ते. भोक पाडलेलं नाणं कोण घेणार?”

मी त्याला एका गोष्टीची आठवण करून दिली. गॉथ नावाची दुसरी जर्मन टोळी आणि तिच्या भाऊबंद टोळ्या रोमन सोन्याच्या नाण्यांना असेच भोक पाडत, कडी बसवत आणि गळ्यात घालत. अशी नाणी संग्रहालये काचेआड ठेवतात आणि जाणकार त्यांवर लेख लिहितात. भोक पाडणारा दीड हजार वर्षांपूर्वीचा असला तर ती संस्कृती. सोलापूरचा असला तर नासधूस. भाचा म्हणाला, “ते वेगळं हो.”

नाण्यावरचा हक्क मात्र मी सोडला नव्हता. भोकासकट ते माझेच होते.

काही महिन्यांनी मुलगी भिवंडीला परत निघाली. जाण्याआधी निरोप घ्यायला आली. माहेराहून निघणारीची ओटी पुन्हा भरायची असते, हे मला तेव्हा कळले. पत्नी तिला घेऊन स्वयंपाकघरात गेली. जाताना बाळाला दुपट्यावर, माझ्या खुर्चीसमोर ठेवण्यात आले. “काका, जरा बघा हां,” एवढ्या सूचनेवर.

मी बघत होतो. बाळाने पाय झाडले. पुन्हा झाडले. करदोडा सरकला, गाठ सुटली आणि नाणे दुपट्यावर पडले.

मी ते उचलले. नोव्हेंबरानंतर प्रथमच ते माझ्या तळहातावर होते. भिंगाखाली धरले. राजाचे नाक शाबूत होते. कणसे शाबूत होती. भोक काठावरच्या दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत पडले होते. सराफाचा हात बरा म्हणायचा. प्रवासाच्या घाईत दोरे तुटतात, वस्तू हरवतात. कोणी मला विचारायला आले नसते. पेटीतला त्याचा कप्पा अजून रिकामाच होता.

बाळ माझ्याकडे पाहत होते. तपासनीस मालाकडे पाहतो तसे.

मग मी दोरा भिंगाखाली घेतला. दोष तिथे होता. हलके सूत, सैल पीळ, आणि गाठ त्याहून सैल. असा माल मी कारखान्याच्या दारातून बाहेर जाऊ दिला नसता. कडीतून दोरा ओवला, पोटाशी दोन बोटे सरकतील एवढी जागा ठेवली, आणि तुटलेले सूत जोडायला मागावर मारतात तशी गाठ मारली. तिच्यावर आणखी एक.

“अहो, ओटीत घालायला नाणं द्या,” आतून हाक आली. “टेबलावरचं नको.”

रुपयाची नाणी मी आता एका वेगळ्या डब्यात जमवतो. माझ्या संग्रहातला तेवढाच भाग या घरात सर्वांना समजतो. त्यातले एक नेऊन दिले.

मुलगी बाहेर आली, बाळाला उचलले आणि तिचा हात करदोड्यावर गेला.

“काका, ही गाठ तुमी मारली? लई घट्ट हाय की.”

“आधीची कच्ची होती,” मी म्हणालो. “तिकडे गेल्यावर दोरा बदला. नाणं तेच ठेवा.”