काचघरातली कोथिंबीर

"सगळी काच उतरव, धर्मा. भंगारवाल्याला बोलावलंय," शेठ म्हणाले. पाऊस तोंडावर आला होता.

किहीमला त्यांच्या वाडीत मी मुकादम. शेठ मुंबईचे. विलायतेत काचेच्या घरात भाजी पिकते हे पाहून आले आणि इथं तसंच बांधलं. तिकडे थंडी, म्हणून काचेत ऊब धरतात. आमच्याकडे ऊब कुणाला हवी? उन्हाळ्यात आतले टोमॅटो झाडावरच शिजले. आत गारवा राहावा म्हणून दिवसभर इंजिन लावून काचेवर पाणी मारायचं. डिझेल नुसतं पीत होतं. बाहेर उघड्यावरचे टोमॅटो रहाटाच्या पाण्यावर मजेत वाढले. रहाट म्हणजे विहिरीतून गाडग्यांनी पाणी काढणारं चाक. त्याला एक बैल, आणि बैलाला गवत. झाला खर्च.

म्हणजे शेठ बोलले ते बरोबरच होतं. पण मला ठेवलं होतं काचघरासाठी. काच गेली की मुकादमी गेली.

"शेठ, श्रावण जाऊ द्या. मग मीच उतरवतो."

"म्हणजे परत डिझेल?"

"थेंबभर न्हाय. इंजिनाचं हँडल मुंबईला घेऊन जा."

"आणि तोटा झाला तर?"

"तर वाडी सोडतो. आणखी काय पायजे?"

"हट्टी आहेस."

"हाय तर हाय."

आमच्या पावसात उघड्यावर पालेभाजी टिकत नाही, झोडपून चिखलात जाते. आणि तेव्हा काच तापवायला ऊनही नसतं. बाजूच्या काचा काढून मी वारा खेळता केला. चपलेखाली धणे रगडून पेरले. छपराचं पाणी पिंपात धरलं, झारीनं घातलं.

गडी हसले. "मुकादम, भर पावसात झारी?"

"हसा, पण पिंप भरा."

श्रावण लागला. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, बऱ्याच घरांत मासळी बंद, घाटावरची भाजीची गाडी आली तर आली. अलिबागच्या बाजारात टोपली खाली ठेवायच्या आत बायकांचे हात जुड्यांवर.

"अगं बाई, एवढी कोवळी? आणि भाव केवढा सांगतोस रे!"

"काचेच्या बंगल्यात वाढलीय, मावशी. भाव तसाच असणार."

घासाघीस झालीच नाही. शेठ मुद्दाम बाजारात येऊन मागे उभे राहिले, टोपली रिकामी होईपर्यंत. मग भंगारवाल्याला त्यांनी इंजिन विकलं. काच राहिली, मीही राहिलो. दरवर्षी पावसात कोथिंबीर आत, दिवाळीनंतर टोमॅटो बाहेर. दोन्हीकडून फायदा.

विलायतेत भाजी थंडीला भिते, आमच्याकडे पावसाला. छप्पर घालण्याआधी एवढं बघावं.