गुरुजींचा तिसरा चष्मा

“तक्ता घडाघडा वाचता, मग पुस्तकानं काय घोडं मारलंय?” मी जरा चिडूनच विचारलं.

समोर वळसंगचे शिवलिंगप्पा गुरुजी बसले होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक. चार महिन्यांतला त्यांचा हा तिसरा चष्मा, आणि तिन्ही मीच बनवलेले. तरी तक्रार तीच: पुस्तक वाचता येत नाही.

नवी पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा. लोक मला डॉक्टर म्हणतात. मी डॉक्टर नाही हे मला माहीत आहे. त्यांना सांगायचं तेवढं इतक्या वर्षांत राहून गेलंय.

जवळचा नंबर काढायला आमच्याकडे वाचनाचा तक्ता असतो. पुठ्ठ्यावर मराठी मजकूर, वरची ओळ ठळक, खाली अक्षर बारीक होत जातं. गुरुजींनी शेवटची मुंगीएवढी ओळसुद्धा न अडखळता म्हणून दाखवली. स्वल्पविरामाला थांबून.

“बघा,” मी म्हणालो, “नंबर एकदम करेक्ट आहे. तुम्ही मोबाईल बघत असणार. स्क्रीननं डोळ्यांची वाट लागते. शेवटी पुस्तक ते पुस्तक.” हे भाषण मी दिवसातून दहादा देतो.

“मोबाईल नाही हो बघत, डॉक्टर,” गुरुजी पुटपुटले.

एरवी ते एकटेच यायचे. आज सोबत त्यांची बायको होती, गंगव्वा. त्या बाकावरून उठून पुढे आल्या.

“डॉक्टर, हे वाचतच न्हाईत. मनानं सांगत्यात.”

“म्हणजे?”

“मला वाचता येत न्हाय. लगीन झाल्यापास्नं रोज सांजंला हे मला पुस्तक वाचून दाखवत्यात. आता चार महिनं झालं, पुस्तक नुसतं हातात धरत्यात आन् मनानं रचून सांगत्यात. गोष्टीत गेल्या आठवड्यात मेलेला सासरा परवा जेवायला बसला की.”

गुरुजींनी मान खाली घातली. “चष्मा बरोबर नाही म्हणता येतं, पण मास्तरानं बायकोसमोर, चारचौघांत वाचता येत नाही म्हणायचं? आणि वाचन थांबलं, तर संध्याकाळी आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत बसायचं का?”

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मी तक्ता उलटा करून मांडीवर ठेवला आणि म्हणालो, “गुरुजी, शेवटची ओळ म्हणा.” त्यांनी म्हटली. तिच्या वरची म्हटली. सगळा तक्ता म्हटला. बाकावर नंबर येईपर्यंत बसायचे, आधीची गिऱ्हाइकं मोठ्यानं वाचायची, तेवढ्यावर त्यांचं पाठ झालं होतं. जन्मभर पोरांकडून पाठांतर करून घेतलेला माणूस तो. आणि माझ्याकडे अठरा वर्षं तोच एक तक्ता. मलाही तो पाठ आहे, पण पेशंटला पाठ असू शकतो हे कधी डोक्यात आलं नाही. तीन चष्मे मी कानांची परीक्षा घेऊन बनवले होते.

पाठ नसलेला मजकूर हवा होता. पेपर दिला, तर फक्त मथळा वाचता आला. मग मी नाइलाजानं ड्रॉवर उघडला. आत माझा ई-रीडर होता, मुलीनं दिलेला. पाटीएवढं यंत्र, त्यात पुस्तकं साठवता येतात. त्याची स्क्रीन मोबाईलसारखी झगमगत नाही, कागदासारखी दिसते, आणि अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. दुकान रिकामं असलं की मी तो चोरून वाचतो. भाषण देणाऱ्याच्या हातात दिसला तर बरं दिसत नाही ना.

मी एकेक पायरी अक्षर वाढवत गेलो. स्क्रीनवर पाचच ओळी मावायला लागल्या तेव्हा गुरुजी वाचू लागले. अडखळत. माझ्या दुकानात पहिल्यांदाच अडखळत.

“आता वाचत्यात,” गंगव्वा म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, खऱ्या. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग वयानं झिजला होता. चष्म्यानं ते भरून येत नाही. अक्षर मोठं करा, उजेड चांगला ठेवा, तपासणी चुकवू नका, एवढंच हातात. तिन्ही चष्मे मी परत घेतले.

मुलानं त्यांना तसाच ई-रीडर आणून दिला. महिन्याभरानं दोघं आले. गंगव्वांची तक्रार होतीच. “पुस्तक असलं की किती ऱ्हायलंय ते दिसायचं. ह्यात काय बी कळत न्हाय. झोप आली की हे म्हणत्यात, धडा संपला.”

खाली कोपऱ्यात किती टक्के वाचून झालं ते दिसतं, हे मी त्यांना दाखवलं. नोटा मोजून मोजून आकडे त्यांना येत होते. गुरुजींनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती नजर शाळेत पोरांनी पाहिली असणार.

“आणि ते आधीचं पुस्तक, गुरुजी मनानं रचून सांगायचे ते?” मी विचारलं. ते ई-रीडरवर मिळत नव्हतं.

“त्येचा शेवट झाला की. ह्यांनीच सांगितला. घर सोडून गेल्याली पोरगी माघारी आली, आईनं दारातच भाकरतुकडा ओवाळला. खोटंच असंल, पन लई बरं वाटलं.”

मला राहवलं नाही. लायब्ररीतून ते पुस्तक आणून वाचलं. पुस्तकात पोरगी परत येत नाही. आई वाट बघत बघतच जाते. गंगव्वांनी मला विचारलेलं नाही, मी सांगितलेलं नाही.

दुकानात आता चार तक्ते आहेत. पेशंट अजिबात अडखळला नाही, की मी तक्ता बदलतो.