तांदळाच्या कोठीतला न्यायाधीश

साकोलीतल्या ज्या दुकानदाराकडून मी पहिली हार्ड डिस्क घेतली, तो आजही समोरून आला की मी मान वळवते. त्याला त्याचं काहीच वाटत नाही हे मला दिसतं, आणि त्यामुळे आणखी राग येतो. त्या प्रकरणात त्याचा दोष अर्धाच होता हे मला नंतर कळलं. पण अर्ध्या दोषासाठी अर्धी मान कशी वळवायची, ते अजून जमलेलं नाही.

ती डिस्क घेतली होती बाबांच्या नाटकासाठी. बाबा लाईनमन म्हणून रिटायर झाले आणि लाखनीपासून थोडं आत, आमच्या गावी, आईसोबत राहत होते. अतिशय गंभीर माणूस. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की 'दोन शब्द' बोलायचा मान त्यांचा, आणि ते दोन शब्द संपेपर्यंत लहान पोरं आयांच्या मांडीवर झोपून जायची. मी त्यांना कधी खदखदून हसताना पाहिलं नव्हतं. कोणी विनोद केला की ते चष्मा काढून पुसत आणि परत घालत. तेवढी दाद पुरे, असं त्यांचं मत असावं.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा शिंगाडे, ऊस, पाळणे, दंडारीचे नाच, आणि रात्री मांडवात नाटक. त्या वर्षी गावच्या मंडळाने नाटकात बाबांना न्यायाधीशाचं काम दिलं. खुर्चीत बसायचं, हातोडा आपटायचा, शिक्षा सुनावायची. घरात ते बारा महिने हेच करत असल्यामुळे तालमीची फारशी गरज नव्हती. तरी ते रोज तालमीला जात. हिरोइन आणि नाच करणारी बाई मात्र वडशाहून ठरवून आणली होती.

आता गंमत अशी की घरातल्या कोणीच ते नाटक पाहिलं नाही. त्याच दिवशी माझ्या सासरच्या गावचीही मंडई होती आणि मी तिथे सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, लाटत होते. इकडे आई सुवाऱ्या तळत होती. मंडई म्हणजे गावच्या सगळ्या लेकी, जावई, व्याही आणि व्याह्यांचे ओळखीचे. हे सगळे जेवून नाटकाला जातात, आणि जिचा नवरा नाटकात आहे ती मागे भांडी आवरते. भोंग्यातून आईला सगळं ऐकू येत होतं, दिसत तेवढं नव्हतं. शेवटच्या अंकात लोक 'वन्स मोर, वन्स मोर' म्हणून छप्पर उडेल असे ओरडायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना विचारलं, "वन्स मोर काहून देऊन राहिले होते जी लोकं?"

"माझ्या निकालाले," बाबा म्हणाले.

आईने मला हे फोनवर सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "मले ते एक डाव पाहाचं हाये, बाई." आई काही मागणारी बाई नव्हे. साडी घ्यायला नेली तरी दुकानदाराचीच दया येऊन स्वस्तातली उचलणारी. त्यामुळे तिचं हे एवढंसं मागणं माझ्या मनाला लागून राहिलं.

सोय मी आधीच केली होती. लाखनीच्या एका लग्नाच्या शूटरला नाटक काढायला सांगितलं होतं. एवढं लांब नाटक पेनड्राइव्हमध्ये मावणार नाही, असं तो म्हणाला म्हणून साकोलीहून नवीकोरी हार्ड डिस्क घेऊन डब्यासकट त्याच्या हातात दिली होती. तयार झाल्यावर ती आणायला बाबा स्वतः स्कूटरवर गेले. शूटरने त्यांना दुकानातच थोडं लावून दाखवलं म्हणे. बाबा घरी आले ते आधी पाणी प्यायले, मग आणखी पाणी प्यायले.

"कसं आलं?" मी विचारलं. मी लॅपटॉप घेऊन मुद्दाम आले होते.

"आलं," बाबा म्हणाले, "पण मशीनचा काई भरोसा नाई."

आणि खरंच, भरोसा नव्हता. डिस्क जोडली की तिचा निळा दिवा लागायचा, आत काहीतरी घूंऽ करून फिरायचं, आणि लॅपटॉपवर काही म्हणजे काही दिसायचं नाही. शूटरला फोन केला तर तो म्हणाला, "लग्नसराई आली ताई, जागा नव्हती, मी माझ्याकडचं उडवलं." आई हातातलं काम सोडून येऊन बसली होती. ती उठून परत कामाला गेली.

मी ती डिस्क, तिच्यासोबत बाबांनी रबर लावून दिलेली केबल आणि डोक्यात राग घेऊन साकोलीच्या दुकानात गेले. दुकानदाराने जोडली, दिवा पाहिला आणि तोंड पाडलं.

"गेली मॅडम."

"घेऊन महिना नाही झाला! केबल तरी बदलून बघा."

"दिवा लागून राहिला म्हंजे केबल ठीक हाये. वॉरंटी हाये ना तुमची. कंपनी नवीन पाठवते."

"आणि आतलं?"

"आतलं नाई येत."

म्हणजे डबी बदलून मिळणार होती, आतले बाबा मिळणार नव्हते. मी दुकानात एवढा आवाज चढवला की झेरॉक्स काढायला आलेले लोक झेरॉक्स न काढताच थांबले. त्यांतला एक तर म्हणाला, "मॅडम, पुढचं ऐकू येऊ द्या." दुकानदार शांतपणे दुसऱ्या डिस्कवरची धूळ फडक्याने पुसत होता, मला विकायला.

आणि मी ती घेतली! मी शिकवते त्या शाळेच्या कामासाठी हवी होती, दुसरं काय. तिने स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो गिळले आणि उघडल्यावर रिकामी पाटी दाखवली. मग भंडाऱ्याहून एक घेतली, ती टेबलावरून नुसती सरकवली तरी बंद पडायची. ही असली तऱ्हा असल्यावर पहिली खरंच बिघडली का, असा संशय कोणाला येणार? एकूण जातच तशी, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पहिली मी वॉरंटीला दिली नाही. आतलं जाईल या भीतीने ती तशीच घरी राहिली.

पुढचे उपचार आईने हातात घेतले. मोबाईल पाण्यात पडला की तांदळात ठेवतात, हे तिला माहीत होतं. डिस्क पाण्यात पडली नव्हती, पण तांदूळ घरचा होता आणि औषध फुकटचं. "नव्या तांदळात ओल असते," ती म्हणाली आणि मागल्या वर्षीच्या चिन्नोर तांदळाच्या कोठीत तिने ती फडक्यात गुंडाळून पुरली. मी गावी गेले की ती काढायची, झटकायची, जोडून पाहायची. दिवा लागायचा. आईचा चेहरा थोडा उजळायचा आणि मग ती फडकं परत गुंडाळायची. एकदा भातासाठी तांदूळ काढताना डिस्कच मापात आली आणि आई तिला म्हणाली, "तू बाहीर येतं, पण बोलत काहून नाईस?" मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

या काळात बाबांचा निकाल मात्र दर मंडईला वाढत गेला. पहिल्या वर्षी त्यांनी आरोपीला सक्तमजुरी दिली होती. पुढे तिची जन्मठेप झाली, आणि नंतर माझ्या सासऱ्यांसमोर त्यांनी सरळ फाशी सुनावली. "मांडवात टाचणी पडली तरी आवाज आला असता," असं ते सांगत. कोणी विचारलं, एवढ्या लोकांसमोर लाज नाही वाटली का, की ते म्हणत, "मी चष्मा काढून ठेवलो होतो. चष्मा नसला का पब्लिक दिसत नाई. मंग मानूस मोकळा होते." पुरावा कोठीत गाडलेला असल्यामुळे त्यांना हटकणारं कोणी नव्हतं.

एका दिवाळीत मी गावी गेले ती भंडाऱ्याची डिस्क सोबत घेऊन. संध्याकाळी लाईट येऊन-जाऊन होती आणि बाबांचा टॉर्च चार्जिंगला लावलेला होता. मी सहज पाहिलं, तर टॉर्चला लागलेली केबल ओळखीची. तेच रबर तिला अजून गुंडाळलेलं होतं! मी माझ्या डिस्कची केबल शेजारी धरली. तिचं तोंड चांगलं रुंद, मधे खाच असलेलं. टॉर्चच्या केबलचं तोंड चिमुकलं, पण डिस्कच्या भोकाच्या अर्ध्या भागात ते नीट बसत होतं. त्यातून चार्जिंगपुरती वीज जायची, दिवा लागायचा, बाकी काही जायचं नाही. घेतली तेव्हा मी डबा न उघडताच शूटरला दिला होता, त्यामुळे खरी केबल कशी होती ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

ती कुठे असेल हे ओळखायला डोकं लागलं नाही. बाबांच्या जुन्या हत्यारांच्या पिशवीत, पकड आणि टेस्टरच्या खाली, ती व्यवस्थित वेटोळं करून ठेवलेली होती. आयुष्यभर ज्या माणसाने पावसात खांबावर चढून गावाची लाईन जोडली, त्याने घरातली एक लाईन बरोबर तोडली होती. मला राग यायला हवा होता. मला एवढं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला.

मी कोणाला काही बोलले नाही. चहा झाल्यावर कोठीतून डिस्क काढली, झटकली आणि खऱ्या केबलने टीव्हीला जोडली. आई पाटावर बसली होती, लसूण सोलत. बाबांनी केबल पाहिली. चष्म्याच्या आत त्यांचे डोळे मोठे झाले.

"लाईट जानार हाये आता," ते म्हणाले. "वरून ट्रिपिंग हाये."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आवाजावरून समजते." आणि ते उठून मेन स्विचकडे निघाले.

"अजी," आई लसणातून मान वर न करता म्हणाली, "बसा."

बाबा बसले.

मी शेवटचा अंक लावला. न्यायालय. काळा कोट घालून बाबा उंच खुर्चीत, चष्मा नाही, चेहऱ्यावर पौर्णिमेचे दोन शब्द. आरोपी रडला, वकील ओरडला आणि मग एकदम ढोलकी सुरू झाली. न्यायालयात नाच कसा, असं ज्याला वाटेल त्याने आमच्याकडचं नाटक पाहिलेलं नाही. वडशाची बाई ठुमकत आली, साक्षीदाराच्या पिंजऱ्याला तिने एक चक्कर मारली आणि न्यायाधीशाचा हात धरून त्याला खाली ओढलं. आणि न्यायाधीश उतरला! कोट दोन्ही हातांनी पकडून, गुडघे वाकवून, हातोडा नाचवत. लोक ओरडले, 'वन्स मोर'. न्यायाधीश परत नाचला. परत वन्स मोर. तिसऱ्यांदा तर त्याला कोणी ओढावंही लागलं नाही. आरोपीला शिक्षा झाली की नाही, ते मला त्या गोंधळात कळलंच नाही.

पण मी नाच पाहतच नव्हते. बाबा हसत होते. पुढचे दोन पडलेले दात दिसेपर्यंत, तोंड भरून, एखादं पोर बोडीच्या पाण्यात उडी मारताना हसतं तसे. मला गलबलून आलं. हा माणूस आमच्या घरात राहत होता आणि आम्हाला कधी भेटला नव्हता.

मी आईकडे पाहायला घाबरत होते. बाबा तर जमिनीकडेच पाहत होते. "ते त्या बाईनं ओढलं," ते पुटपुटले. "मंडळाच्या पोराईनं सांगतलं होतं तिले. तुले खराब वाटंल म्हनून..."

"मले दुसऱ्याच दिवशी माहीत झालं," आई म्हणाली. "हापशीवर सगळ्या बायका सांगून गेल्या. नाचाचं काय जी! त्या म्हनत, तुमचे बुवा लय हासत होते. मी म्हनलं, खोटं बोलता. हे नाई हासत. मंग मलेच वाटाले लागलं, का पाहावं."

तिने लसणाचं ताट बाजूला सारलं, पदराने हात पुसले आणि टीव्हीकडे पाहत म्हणाली, "वन्स मोर."

मी मागे न्यायला बटण दाबलं. चित्र थांबलं. डिस्कमधून टक आवाज आला, मग टक, टक, आणि दिवा विझला. केबल काढली, लावली, आईने तिला तळव्यावर धरून थोपटलंसुद्धा. कोठीतल्या तांदळाची पिठी तिच्या भोकातून बाहेर पडली. या वेळी ती खरोखरच मेली होती.

आम्ही दोघींनी बाबांकडे पाहिलं.

"मी काई नाई केलो!" बाबा कळवळून ओरडले. "या वक्ती मी काईच नाई केलो!"

बिचारे खरं बोलत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आईला एकदाच दिसलं होतं, तेही माझ्या शेजारी बसून, आवाज कमी करून. मग तिने पाट उचलून भिंतीला लावला. मधली जागा मोकळी झाली.

"आता तुमीच करा," ती म्हणाली.

बाबांनी दाराकडे पाहिलं. मेन स्विचकडे पाहिलं. आई पदर सावरून भिंतीला टेकून बसली होती, नाटकाला बसतात तशी, आणि उठायचं तिचं काही चिन्ह दिसत नव्हतं. बाबा सावकाश उभे राहिले, आणि चष्मा काढून त्यांनी तो माझ्या हातात दिला.