साडेआठचं रीडिंग

पंधरा वर्षं नौदलात काढून मी लीडिंग सीमन म्हणूनच बाहेर पडलो. माझ्या बॅचचे बहुतेक जण पेटी ऑफिसर झाले. गावी किहीमला लग्नाच्या पंगतीत कोणी ना कोणी हे उकरून काढतंच. मी मान खाली घालत नाही. बढती का अडली ते मला मिनिटासकट माहीत आहे.

मी मेट शाखेत होतो. मेट म्हणजे हवामान. बंदुकीपेक्षा बॅरोमीटरशीच माझा जास्त संबंध आला. त्या वर्षी पोस्टिंग दिघी खाडीच्या तोंडाशी, टेकडीवरच्या ऑब्झर्व्हेशन पोस्टवर होतं. आम्ही तिघं: चीफ पेटी ऑफिसर दामोदर म्हात्रे, रेडिओ ऑपरेटर कुलदीप आणि मी. खाली जेट्टीला एक जेमिनी, म्हणजे रबरी बोट.

दर तीन तासांनी रीडिंग घ्यायचं. हवेचा दाब, वारा, ढग, लाटांची दिशा. रजिस्टरमध्ये लिहायचं आणि रेडिओवर कळवायचं. आपल्या भागात हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी चढतो-उतरतो. पहाटेपासून सकाळी दहापर्यंत चढतो, मग दुपारी चारपर्यंत उतरतो. इतका नेमका की नवीन माणूस आठवड्याभरात आकडा न बघताही सांगायला लागतो. धोका तिथेच असतो.

चीफ पेणकडचे, मिठागरवाल्यांच्या घरातले. बोलणं कमी, पण खवचट. त्यांचा एक नियम होता. रजिस्टरमध्ये खोडरबर चालणार नाही. चुकलं तर एक सरळ रेघ मारायची, वर नवा आकडा, बाजूला सही. "चूक दिसली पायजे," म्हणायचे. "लपली का ती पोसली."

ऑक्टोबरचा महिना होता. अरबी समुद्रात एक सिस्टिम, म्हणजे कमी दाबाचं वादळ, तयार झाली होती. पहाटेच्या फोरकास्टप्रमाणे ती वायव्येला, आपल्यापासून लांब जाणार होती. कोळ्यांच्या बोटी उजाडताच बाहेर पडल्या. चीफ जेमिनीचं इंजिन बघायला जेट्टीवर गेले.

साडेपाचला दाब एक हजार आठ पॉइंट दोन मिलिबार होता. साडेआठला तो एक हजार नऊच्या वर जायला हवा होता. मी बघितलं तर एक हजार सहा पॉइंट नऊ. पुन्हा बघितलं, तेच. आदल्याच आठवड्यात मी एक आकडा चुकीचा वाचला होता आणि कुलदीपने चार दिवस माझी टर उडवली होती. वारा नव्हता, ऊन स्वच्छ होतं. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. मी एक हजार नऊ पॉइंट चार लिहिलं. कुलदीपने तेच पाठवलं.

कारणं सांगितली, पण ती सबब नाही. मी जे दिसलं ते लिहिलं नाही, जे दिसायला हवं होतं ते लिहिलं. त्याची मला आजही लाज वाटते.

नऊ चाळीसला चीफ वर आले. सवयीने आधी बॅरोमीटर बघितला, मग रजिस्टर, मग खिडकीतून समुद्र. नैऋत्येकडून लांबलांब लाटा येत होत्या. वारा नसताना, म्हणजे वादळ तिकडूनच येत होतं.

"राऊत, ह्यो आकडा कुठून आणलास?"

मी बॅरोमीटरकडे बोट केलं.

"खरा किती व्हता?"

"सहा पॉइंट नऊ, चीफ."

"आन आत्ता?"

"पाच पॉइंट आठ."

ते ओरडले नाहीत. रेघ मारली, खरा आकडा लिहिला, सही केली. मग कुलदीपच्या हातून माइक घेऊन साडेआठच्या आकड्याची दुरुस्ती तळावर कळवली.

"करेक्शन टू झीरो एट थ्री झीरो. प्रेशर वन झीरो झीरो सिक्स पॉइंट नाइन. फॉलिंग."

"कन्फर्म," तळावरचे ड्यूटी ऑफिसर म्हणाले. "फोरकास्टमध्ये सिस्टिम लांब आहे."

"कन्फर्म्ड, सर. फोरकास्ट पहाटेचं आहे. रीडिंग आत्ताचं आहे."

दोन सेकंद खरखर झाली. "रॉजर. सगळ्या बोटी परत बोलवा."

सिस्टिम वळली होती. आगरदांड्याला जाणारी फेरीबोट थांबवली. मोबाईलवर, वायरलेसवर जिथे जिथे संपर्क झाला त्या बोटी वळल्या. तीन बोटींशी संपर्क होईना. त्यातली एक युसुफची. युसुफ म्हणजे दिघीच्या अस्लमभाईंचा धाकटा भाऊ. अस्लमभाई आम्हाला मासळी द्यायचे. ते धापा टाकत टेकडी चढून आले. "चीफ, माका ठावं हाय ती कुठं असतील. माका घेऊन चला."

मी लाइफ जॅकेट उचललं. चूक माझी, तेव्हा जाणंही माझंच होतं. चीफनी जॅकेट माझ्या हातातून काढून घेतलं.

"साडेअकराचं रीडिंग कोण घेनार?"

"चीफ, मी..."

"तू रीडिंग घे. दिसंल ते लिही. ऑर्डर हाय."

दहा वाजून दहा मिनिटांनी चीफ आणि अस्लमभाईंना घेऊन जेमिनी सुटली. दहा पंचावन्नला सेटवर चीफचा आवाज आला, "दोन वळवल्या. तिसरी शोधतो." त्यानंतर आभाळ दक्षिणेकडून काळवंडत आलं आणि वारा सुटला.

साडेअकराला मी बॅरोमीटरसमोर उभा राहिलो. एक हजार तीन पॉइंट एक. आहे तोच आकडा लिहिला. तो एक पॉइंटने जरी चढलेला दिसला असता तर मी देवाला नारळ बोललो असतो.

अकरा बेचाळीसला शेवटचा कॉल आला. "तिसरी मिळाली. मागोमाग येतो. रीडिंग घेतलंस का?"

"घेतलं, चीफ."

"बरं."

खाडीच्या तोंडाशी जेमिनी उलटली. युसुफच्या बोटीने दोर टाकून अस्लमभाईंना वर ओढलं. चीफनी दोर आधी त्यांच्या हातात दिला होता. दुसरा दोर टाकेपर्यंत चीफ दिसेनासे झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी वादळ ओसरल्यावर ते किनाऱ्याला मिळाले. बाकी एकही माणूस गेला नाही.

साडेआठ ते नऊ चाळीस म्हणजे सत्तर मिनिटं. सत्तर मिनिटं आधी निघाले असते तर चीफ वारा सुटायच्या आत परत आले असते. हे मला कोणाला सांगावं लागलं नाही.

बोर्ड ऑफ इन्क्वायरीच्या आधी माझ्या बॅचचा एक मित्र चहावर म्हणाला, "तू काही बोलू नकोस. पानावर सही चीफची आहे, शेजारी वेळ नाही. दोन्ही आकडे त्यांचेच वाटतात. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?" त्याने मैत्रीखातर सांगितलं होतं. तरी मी कप तसाच ठेवून उठलो.

बोर्डासमोर मी सावधानमध्ये उभा राहून सांगितलं, "सर, पहिला आकडा माझा आहे. तो खोटा आहे, हे मला लिहितानाच माहीत होतं. चीफ म्हात्र्यांनी तो नऊ चाळीसला दुरुस्त केला. रजिस्टरमधला खरा आकडा त्यांचा आहे." मला शिक्षा झाली आणि बढती थांबली. शिक्षा व्हायलाच हवी होती. पण चीफच्या नावावर माझा खोटा आकडा मी चढू दिला नाही. पुन्हा संधी दिली तरी मी हेच बोलेन.

आता मी किहीमच्या किनाऱ्यावर एक फळा लावला आहे. रोज सकाळी साडेआठला त्यावर घरच्या बॅरोमीटरचा आकडा, वारा, लाटा आणि वेळ लिहितो. दाब उतरत असेल तर लाल खडूने लिहितो. गेल्या महिन्यात शेजारचा कॉटेजवाला आला. लाल खडू बघून त्याची गिऱ्हाइकं पाण्यात उतरेनात.

"काका, फळा काढा असं न्हाय म्हणत मी. निदान शनिवार-रविवार आकडा जरा बरा लिहा."

मी त्याला म्हटलं, "एकदा लिहिला होता बरा. आता नाही." तो तणतणत गेला. पुढच्या शनिवारी फळा उपटलेला सापडला. मी तो त्याच जागी, हातभर खोल खड्डा खणून पुन्हा रोवला. परत उपटला तर परत रोवीन.

साडेआठला फोन वाजतो. दिघीहून युसुफ असतो. त्याच्या मोबाईलवर फोरकास्ट दिसतं, ते तो बघतोच. तरी इंजिन चालू करायच्या आधी मला विचारतो. तिकडे आता सगळेच माझ्या बॅरोमीटरला चीफ म्हणतात.

"राऊतभाऊ, चीफ काय म्हनतायत?"

मी बॅरोमीटर बघतो, आणि आहे तेवढंच सांगतो.