कड्याखालचा लाल दगड

नोव्हेंबर लागला की माझं कामात लक्ष नसतं. कुवेतचा उन्हाळा एखाद्या संध्याकाळी अचानक संपतो. गाडीची काच खाली केली आणि आत गार वारा आला, की समजायचं, आपला मोसम सुरू. मग मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतली ड्यूटी तीनला सुटली की मी बूट बदलतो आणि जहरा शहराच्या पुढे वाळवंटात एक कडा आहे, तो चढायला जातो. त्याचं खरं अरबी नाव मराठीत भलतंच ऐकू येतं, ते घरात चारचौघांत घ्यायची सोय नाही, म्हणून आम्ही नुसतं 'कडा' म्हणतो. नाशिककडच्या माणसाने त्याला डोंगर म्हणावं असं त्यात काही नाही. पण वासरात लंगडी गाय शहाणी, आणि या सपाट देशात मला तेवढाही पुरतो.

मोसमाचे पहिले पंधरा दिवस मला सगळ्यात प्रिय. पुढे तंबू लागतात, गाड्या वाळू उडवत फिरतात. त्याआधी तिथे कुणीही नसतं. मळलेली वाट नाही, पावलांच्या खुणा नाहीत, आपली वाट आपण काढायची. त्या पाऊण तासाच्या उजेडासाठी मी तासभर गाडी चालवतो, आणि बायको दरवर्षी म्हणते की एगैलाच्या मॉलमध्ये जिनेही आहेत आणि एसीही.

त्या गुरुवारी मी तेरा वर्षांच्या लेकीला पहिल्यांदाच बरोबर नेलं. ती एकदम खूश होऊन निघाली असं म्हणणं धाडसाचं होईल. मी मराठीत विचारायचो, ती मोबाईलमधून मान न काढता इंग्रजीत उत्तर द्यायची. पण कड्याखाली गाडीतून उतरल्यावर वारा लागला तशी ती खुलली. आदल्या दिवशी पावसाची मोठी सर येऊन गेली होती, जमीन पायाखाली घट्ट लागत होती. ती पुढे, मी मागे. माझ्या गुडघ्यांवर तिने दोन विनोदही केले. मला फार बरं वाटलं.

चढ सुरू होतो तिथे एका उंचवट्यावर दगड दिसला. हातभर उंच, उभा, आणि पुढून चांगला लालभडक रंगवलेला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आमच्याकडे प्रत्येक खिंडीच्या तोंडाशी असा शेंदूर फासलेला दगड असतो आणि त्याला हात जोडल्याशिवाय कुणी वर पाऊल टाकत नाही. वाटलं, आपल्याकडचाच कुणीतरी भाविक गडी आपल्याआधी येऊन गेला. कुवेतच्या वाळवंटात देव कोण मांडणार, हा प्रश्न मला पडलाच नाही. रिफायनरीत माझं कामच सेफ्टीचं. लाल पट्टी ओलांडली म्हणून मी चांगल्या चांगल्या इंजिनिअरांना सगळ्यांसमोर झापलं आहे. तोच मी लेकीला म्हणालो, जा, जवळ जाऊन नमस्कार करून ये.

ती निघाली. तेवढ्यात उजवीकडच्या उतारावरून कुणीतरी अरबीत ओरडलं. एक मेंढपाळ होता, उंच, काळासावळा, बहुतेक सुदानी. हातातली काठी उंच धरून तो आमच्या दिशेने पळत होता. बारा वर्षं इथे काढूनही माझं अरबी बताका म्हणजे ओळखपत्र आणि इकामा म्हणजे राहायचा परवाना, या दोन कागदांपलीकडे गेलेलं नाही. मला वाटलं, मेंढ्या बुजतात म्हणून हा आपल्याला हाकलतोय. मी लेकीला म्हटलं, "तू जा गं, काही होत नाही."

ती गेली नाही. तिला शाळेत अरबी आहे. एक पाय पुढे टाकलेला, तशीच ती पुतळ्यासारखी उभी राहिली, आणि मागे न बघता मला म्हणाली, "बाबा, तूही हलू नकोस. तिथे बॉम्ब आहे म्हणतोय."

पुढचं सगळं त्या दोघांनी केलं. तो लांबूनच सांगत होता आणि ती ज्या पावलांनी गेली होती त्याच ठशांवर एकेक पाय ठेवत उलटी येत होती. अकरा पावलं. मी मोजली, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. ती हाताशी आली आणि मी तिचं मनगट घट्ट धरलं.

मग तिच्याकडून कळलं ते असं. इराकशी झालेल्या युद्धाच्या काळातला एक सुरुंग पावसाने उघडा पडला होता. मेंढपाळाला तो सकाळी दिसला, त्याने पोलिसांना कळवलं. ते येईपर्यंत कुणी तिकडे जाऊ नये म्हणून मेंढ्यांच्या पाठीवर खूण करायचा लाल रंग त्याने त्या दगडाला फासला आणि दगड उभा करून ठेवला. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तो माझ्याशी न बोलता बराच वेळ लेकीशीच बोलत राहिला. शेवटी पोलिसांची गाडी आली आणि आम्ही निघालो.

परतीच्या वाटेवर मी तिला म्हणालो, "मीच तुला जा म्हणालो." ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं, बाबा." तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

घरी बायकोला सगळं सांगितलं. ती आधी लेकीला पोटाशी धरून रडली, मग माझ्यावर कडाडली, आणि ते बरोबरच होतं. शांत झाल्यावर तिने मला विचारलं, तो एवढ्या लांब होता, संध्याकाळची वेळ, मेंढ्या आवरायची घाई, मग त्याला ही दिसली कशी? मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

लेक म्हणाली, "त्याची मुलगी माझ्याएवढी आहे. चार वर्षांत त्याने तिला बघितलेलं नाही. आपण गाडीतून उतरलो तेव्हापासून तो आपल्याकडेच बघत होता, बाबा."