वज्रमुख की सांजतारा

कप्तान हे काही बोटीचे कप्तान नव्हेत. ते लिफ्ट दुरुस्त करतात. सगळा जन्म माणसांना खालून वर आणि वरून खाली पोचवण्यात गेला, विमानात एकदाच बसले आणि तेही डोळे गच्च मिटून. पण अंतराळयानांचा विषय निघू दे, हा माणूस असा सुटतो की कालच गुरू ग्रहाला वळसा घालून आलाय आणि अंगावरची धूळ झटकायची तेवढी राहिलीय. कप्तान हे नाव इमारतीतल्या लोकांनी चेष्टेनं ठेवलं, आणि त्यांनी ते बहुमान समजून घेतलं. आता अशा माणसापुढे कोण काय बोलणार?

ही अंतराळयानं तरी कुठली, तर टीव्हीवरची. दोन जुन्या मालिका होत्या. एकीत 'वज्रमुख' नावाचं भलंथोरलं युद्धयान, दुसरीत 'सांजतारा' नावाचं म्हातारं मालवाहू यान, जे एका भागात चाललं तर पुढच्या भागात हमखास बंद पडायचं. कप्तान वज्रमुखाच्या बाजूचे. का, तर वज्रमुखातली लिफ्ट आडवी जाते. वर-खाली तर जातेच, पण मनात आलं की डावी-उजवीकडेही. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कप्तानांच्या हातातला चहा निवून गेला. दोर कुठे अडकवला असेल, वजन कशानं तोललं असेल, या नादात त्या भागात कोण मेलं तेही त्यांना कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला विचारावं लागलं.

सांजताऱ्याची वकिली मास्तरांकडे. मास्तर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे शिंपी. एकटेच राहायचे, पुढच्या खोलीत शिवणयंत्र टाकून बसायचे, आणि गळ्यात मापाची टेप इतकी कायम असायची की तिच्याशिवाय ते ओळखू आले नसते. त्यांचा वज्रमुखावरचा राग खिशांवरून होता. एवढी मोठी फौज आणि एकाच्याही गणवेशाला खिसा नाही! शिंक आली तर रुमाल कुठून काढायचा? शिवाय कपडे इतके तंग की वाकलं की शिवण उसवणार, म्हणून तर ते लोक नुसते ताठ उभे राहून हुकूम सोडतात. सांजताऱ्याच्या चालकाच्या कोपराला मात्र ठिगळ होतं, आणि ते आतून नीट दुमडून लावलेलं होतं. ज्या यानात कुणीतरी बसून ठिगळ लावतं, त्यातली माणसं घरी परत येतात, असं मास्तरांचं ठाम मत होतं.

यावर कप्तान आपलं ठेवणीतलं अस्त्र काढत. सांजताऱ्याचं दार लाथ मारल्याशिवाय उघडायचं नाही, आणि लाथेनं उघडणारं दार म्हणजे ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी ढुंकून पाहिलेलं नाही असं दार. लिफ्टवाल्याला ते बघवत नसे. मास्तर म्हणत, उघडतं ना, मग झालं तर. कप्तान म्हणत, झालं कसं? आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. हा काथ्याकूट रोज संध्याकाळी, मास्तरांच्या इस्त्रीच्या टेबलापाशी, दोघांचे केस पांढरे होईपर्यंत चालला. पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक ताटकळत उभं राही, आणि फार घाई केली तर त्यालाच विचारलं जाई की तू कुठल्या बाजूचा.

मग एक दिवस मास्तरांनी कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता सांगून टाकलं. सुईचं नेढं आता दिसत नाही, लेक कधीची बोलावतेय, तिच्या शहरात कायमचं जायचं ठरलंय. कप्तान म्हणाले, "बरं झालं." एवढंच म्हणाले आणि घरी आले.

त्यानंतर हा गृहस्थ तिसऱ्या मजल्यावर फिरकला नाही. संध्याकाळ झाली की खिडकीत बसून राही. जीवाला जीव देणारा एकच दोस्त होता आणि तो चालला होता, आणि आपल्याला याचं फार वाईट वाटतंय हे त्याला सांगायची यांची छाती होत नव्हती. बायकोनं सरळ विचारलं की एवढी वर्षं त्या उडत्या डब्यांवर घसा कोरडा केलात, आता दोन शब्द निघत नाहीत का?

निघायच्या दिवशी मात्र ते बरोबर वेळेवर हजर झाले. शिवणयंत्र जड आहे, मीच लिफ्टनं खाली नेतो म्हणाले. जावई बाकीचं सामान घेऊन आधीच खाली गाडीपाशी गेला होता. यंत्र, मास्तर आणि कप्तान असे तिघे लिफ्टमध्ये शिरले. दुसरा मजला गेला, आणि पहिला यायच्या आत लिफ्ट गपकन थांबली.

या इमारतीतली लिफ्ट कप्तानांच्या देखरेखीत आजवर कधी अडकली नव्हती. मास्तरांनी बटणांच्या पट्टीकडे पाहिलं. पट्टीखालची छोटी झडप उघडी होती, तिला किल्ली लटकत होती, आणि कप्तान आढ्याकडे बघत होते. मास्तर यंत्राच्या लाकडी झाकणावर बसले.

 कप्तान खाकरून म्हणाले, "सांजताराच भारी आहे. वज्रमुखापेक्षा. तुझंच बरोबर होतं."

त्यांना वाटलं होतं, मास्तर खूश होतील. जाता जाता द्यायला दुसरं होतं तरी काय त्यांच्याकडे? पण मास्तरांचा चेहरा पार उतरला.

"शब्द मागे घे," मास्तर म्हणाले.

"अरे, पण..."

"मागे घे म्हणतो ना. तू हरलास तर मी तिथून फोन करून तुझ्याशी काय बोलू? गुडघे कसे आहेत, जेवलास का? लेका, मला त्या घरात दुसरं कोण आहे भांडायला?"

कप्तानांना एकदम भरून आलं. आपण एकटेच खिडकीत बसून झुरतोय असं या शहाण्याला वाटत होतं. त्यांनी मान वळवली आणि शक्य तेवढ्या तुसडेपणानं म्हणाले, "भंगार आहे तो तुझा सांजतारा. दार धड उघडत नाही."

"आता कसं," मास्तर म्हणाले आणि टेपच्या टोकानं डोळे पुसले. "चल, चालू कर. जावई खोळंबलाय."

खाली गाडीचा हॉर्न वाजत होता. कप्तानांनी किल्लीला हात लावला आणि तसाच ठेवला.

"ते खिशांचं काय म्हणत होतास तू?" त्यांनी विचारलं.

मास्तर झाकणावर नीट सरसावून बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.